शिक्षण परदेशात, विवरणपत्र अमेरिकेत

अमेरिकेचा प्राप्तिकर वास्तव्याइतकाच नागरिकत्वालाही चिकटलेला असतो. एरिट्रियाचा अपवाद सोडल्यास अशी पद्धत अन्यत्र क्वचितच आढळते. त्यामुळे एडिंबरो, बर्लिन वा पुणे येथे पदवीचे शिक्षण घेणारा अमेरिकी विद्यार्थीही आपल्या जगभरातील उत्पन्नासाठी त्या खात्याला उत्तरदायी ठरतो.

प्रत्यक्षात कर भरण्याची वेळ थोड्यांवरच येते. अविवाहितांसाठी २०२५ या करवर्षाची प्रमाणित वजावट १५,७५० डॉलर आहे. अर्धवेळ नोकरीचे वेतन बहुधा तिच्या आतच राहते. मात्र पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याचे व्याज-लाभांश १,३५० डॉलरच्या पुढे गेले, अथवा स्वतंत्र व्यवसायातील निव्वळ कमाई ४०० डॉलर झाली, तरी विवरणपत्र अनिवार्य ठरते. शिष्यवृत्तीपैकी शिक्षणशुल्क व आवश्यक पुस्तकांवर खर्च झालेली रक्कम पदवीच्या विद्यार्थ्यास करमुक्त असते. निवास-भोजनावर खर्च झालेला भाग करपात्र. मुदत १५ एप्रिलची. वास्तव्य व कामाचे मुख्य ठिकाण देशाबाहेर असल्यास ती आपोआप १५ जूनपर्यंत वाढते. देय करावरील व्याज मात्र एप्रिलपासूनच सुरू होते.

खरी अडचण कराची नसून खात्यांची आहे. परदेशातील सर्व बँक खात्यांतील एकत्रित रक्कम वर्षात एखाद्या दिवशीही १०,००० डॉलरपेक्षा अधिक झाली, तर त्याचा स्वतंत्र अहवाल, ‘एफबार’, अमेरिकी अर्थ खात्याच्या ‘फिनसेन’ या विभागाकडे ऑनलाइन पाठवावा लागतो. उत्पन्न शून्य असले तरी सुटका नाही. जर्मनीत निवास परवान्यासाठी अनेक विद्यार्थी ‘ब्लॉक्ड’ खाते उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात. म्हणजे पहिले व्याख्यान ऐकण्यापूर्वीच मर्यादा ओलांडली!

महाराष्ट्रातील कुटुंबांनीही येथे सावध राहावे. अमेरिकेत जन्मलेली नात पुण्यात शिकते आणि आजोबांच्या ठेव खात्यावर तिचे नाव संयुक्त धारक म्हणून असते, तेव्हा तिच्या अहवालात त्या खात्याची संपूर्ण रक्कम धरली जाते. तिच्या नावावरील भारतीय म्युच्युअल फंडाला तर अमेरिकेचे वेगळे, बरेच जाचक नियम लागू होतात. ही माहिती दडून राहील, असेही नाही. भारत-अमेरिका यांच्यात जुलै २०१५ मध्ये झालेल्या ‘फॅटका’ करारानुसार भारतीय बँका अमेरिकी खातेदारांची माहिती देतात.

नकळत झालेल्या चुकीलाही कायद्यात १०,००० डॉलरपर्यंत दंड असून तो महागाईनुसार वाढवला जातो. बिटनर खटल्यात सरकारने २७२ खात्यांचा वेगवेगळा हिशेब मांडून २७ लाख २० हजार डॉलर मागितले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंड खात्यागणिक नव्हे, तर अहवालागणिक ठरतो असा निर्णय दिल्याने ती रक्कम ५०,००० डॉलरवर आली. ज्यांच्याकडून अजाणतेपणी वर्षे चुकली, त्या परदेशस्थ नागरिकांसाठी ‘स्ट्रीमलाइन्ड’ ही सवलतीची योजना आहे: मागील ३ वर्षांची विवरणपत्रे, ६ वर्षांचे खाते-अहवाल, थकीत कर व व्याज दिल्यास दंड माफ होतो. मात्र खात्याने चौकशी सुरू केल्यावर ही वाट बंद होते.