'सेक्शन' झालेल्या मुलांना घरी आणण्यासाठी ब्रिटनमधले पालक वर्षानुवर्षं का लढतायत?

दारातल्या छोट्याशा झरोक्यापाशी गुडघे टेकून बसायचं आणि पलीकडे असलेल्या मुलीशी बोलायचं. इंग्लंडमधल्या एका वडिलांना आपल्या लेकीला असं भेटावं लागत होतं. मुलगी किशोरवयीन, ऑटिझम असलेली. तिला कुठल्याही कोर्टाने शिक्षा सुनावली नव्हती. ती मनोरुग्णालयात होती, एका बंद खोलीत, एकटी.

२०१८ मध्ये या वडिलांनी माध्यमांसमोर बोलायला सुरुवात केली. मुलीची ओळख जपण्यासाठी तिला 'बेथनी' हे नाव देण्यात आलं. वडिलांनी जाहीरपणे बोलू नये म्हणून स्थानिक कौन्सिलने कोर्टाकडून मनाई मिळवण्याचा प्रयत्न केला. ती मनाई टिकली नाही आणि प्रकरण देशभर गाजलं.

बेथनी एकटी नव्हती. ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेले सुमारे २,००० लोक आजही इंग्लंडमधल्या मनोरुग्णालयांत आहेत. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांनी तिथे दोन वर्षांपेक्षा जास्त काळ काढलाय. त्यांना घरी आणणं इतकं अवघड का आहे, हे समजून घेऊ.

'सेक्शन' होणं म्हणजे काय?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८३ चा मेंटल हेल्थ ॲक्ट लागू आहे. एखाद्याला त्याच्या मर्जीविरुद्ध रुग्णालयात ठेवायचं असेल, तर ते या कायद्याच्या कलमांखाली होतं. कलमाला इंग्रजीत सेक्शन म्हणतात, म्हणून तिथे बोलीभाषेत 'तो सेक्शन झाला' असं म्हटलं जातं.

यातली दोन कलमं महत्त्वाची. कलम २ खाली तपासणीसाठी जास्तीत जास्त २८ दिवस ठेवता येतं. कलम ३ खाली उपचारांसाठी सहा महिने. ही मुदत आणखी सहा महिन्यांनी आणि त्यानंतर दरवेळी एकेका वर्षाने वाढवता येते. किती वेळा वाढवायची, याला मर्यादा नाही. साधारणपणे दोन डॉक्टरांची शिफारस आणि एका मान्यताप्राप्त अधिकाऱ्याचा अर्ज एवढ्यावर दाखल करता येतं. हा अधिकारी बहुतेक वेळा सोशल वर्कर असतो. त्यासाठी आधी न्यायाधीशांसमोर जावं लागत नाही.

ऑटिझम हा आजार नाही आणि औषधाने तो 'बरा' होत नाही. तरीही या कायद्याच्या व्याख्येत तो 'मानसिक विकार' म्हणून बसतो.

घरच्यांच्या हातात काय असतं?

कायद्याने 'जवळचा नातेवाईक' असं एक पद ठरवलंय. हा नातेवाईक कलम ३ खाली दाखल करायला हरकत घेऊ शकतो. ७२ तासांची नोटीस देऊन रुग्णाला घरी सोडण्याचा आदेशही देऊ शकतो.

कागदावर हा अधिकार मोठा दिसतो. पण रुग्ण बाहेर गेला तर तो स्वतःला किंवा इतरांना धोका ठरेल, असं डॉक्टरने लिहून दिलं की हा आदेश अडतो आणि पुढचे सहा महिने पुन्हा देता येत नाही. नातेवाईक विनाकारण हरकत घेतोय असं वाटलं, तर कोर्टाकडून त्याला या पदावरून दूरही करता येतं.

दुसरा मार्ग ट्रायब्युनलचा. तिथे रुग्णाला सरकारी खर्चाने वकील मिळतो. पण रुग्णाची राहण्याची सोय ट्रायब्युनल उभी करू शकत नाही. पालकांची लढाई नेमकी इथेच अडकते.

मग गाडी अडते कुठे?

बरेचदा डॉक्टरही म्हणतात की हा माणूस आता बाहेर राहू शकतो. फक्त 'बाहेर' काहीच तयार नसतं.

ज्याला चोवीस तास मदत लागते, त्याच्यासाठी योग्य घर शोधावं लागतं. प्रशिक्षित माणसं नेमावी लागतात. रुग्णालयातल्या खाटेचा खर्च एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा करते. बाहेरच्या मदतीच्या खर्चाचा मोठा वाटा मात्र अनेकदा स्थानिक कौन्सिलवर येतो आणि कौन्सिलची तिजोरी आधीच तंग असते. कलम ३ मधून सुटलेल्या माणसाला पुढची मदत मोफत देणं कलम ११७ नुसार बंधनकारक आहे. पण पैसे कोणी किती द्यायचे यावरून दोन यंत्रणांमध्ये महिनोन् महिने घोळ चालतो. तोपर्यंत माणूस आतच.

आत राहण्याचेही परिणाम होतात. प्रखर दिवे, सततचा गोंगाट, रोज बदलणारे कर्मचारी. ऑटिझम असलेल्या अनेकांना हे सगळं असह्य होतं. ते ओरडतात, वस्तू फेकतात, स्वतःला इजा करून घेतात. मग त्यांना धरून ठेवलं जातं, गुंगीचं औषध दिलं जातं किंवा एकट्याला कोंडलं जातं. या सगळ्याची नोंद फाइलमध्ये होते आणि पुढच्या बैठकीत तीच नोंद 'अजून घरी सोडण्यासारखी स्थिती नाही' याचा पुरावा ठरते.

दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. काही जणांना ऑटिझमबरोबर गंभीर मानसिक आजारही असतो आणि त्यांना रुग्णालयाची खरोखर गरज असते. पुरेशी मदत न देता घाईने घरी पाठवलं, तर काही आठवड्यांत पुन्हा दाखल करण्याची वेळ येऊ शकते.

सरकारने काय कबूल केलं होतं?

मे २०११ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमाने ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातली मारहाण छुप्या कॅमेऱ्याने दाखवली. ११ कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या. त्यातले सहा जण तुरुंगात गेले.

विनाकारण रुग्णालयात असलेल्या सगळ्यांना जून २०१४ पर्यंत बाहेर हलवू, असं सरकारने जाहीर केलं. ती तारीख हुकली. मग २०१५ च्या तुलनेत मार्च २०२४ पर्यंत ही संख्या निम्मी करायचं ठरलं. तीही तारीख हुकली. दरम्यान २०१९ मध्ये डरहम परगण्यातल्या व्हॉर्ल्टन हॉल रुग्णालयातला छळ त्याच कार्यक्रमाने पुन्हा उघड केला.

पालकांच्या लढ्याने काय बदललं?

स्टीव्हन नीअरी हा ऑटिझम असलेला लंडनचा तरुण. डिसेंबर २००९ मध्ये वडील मार्क आजारी पडले, म्हणून तो थोड्या दिवसांसाठी कौन्सिलच्या केंद्रात राहायला गेला. कौन्सिलने त्याला वर्षभर घरी सोडलंच नाही. ही जागा मनोरुग्णालय नव्हती आणि कायदाही वेगळा होता, पण प्रश्न तोच. मार्क यांनी जाहीर मोहीम चालवली, कोर्टात गेले आणि डिसेंबर २०१० मध्ये स्टीव्हन घरी परतला. त्याला असं ठेवणं बेकायदा होतं, असा निकाल जून २०११ मध्ये आला.

कॉनर स्पॅरोहॉक मात्र घरी परतला नाही. ऑटिझम आणि अपस्मार असलेला हा १८ वर्षांचा मुलगा ऑक्सफर्डमधल्या एका केंद्रात १०७ दिवस होता. ४ जुलै २०१३ रोजी तिथल्या बाथटबमध्ये फिट येऊन तो बुडाला. त्याची आई सारा रायन यांनी 'जस्टिस फॉर एलबी' ही मोहीम उभी केली. घरी त्याला 'लाफिंग बॉय' म्हणत, त्यावरून एलबी. हलगर्जीपणा या मृत्यूला कारणीभूत ठरला, असं ज्युरीने २०१५ मध्ये म्हटलं. कॉनर आणि आणखी एका रुग्णाच्या मृत्यूप्रकरणी संबंधित ट्रस्टला २०१८ मध्ये २० लाख पौंडांचा दंड झाला.

बेथनीच्या प्रकरणानंतर ब्रिटिश संसदेच्या मानवी हक्क समितीने चौकशी केली. २०१९ च्या अहवालात समितीने या तरुणांच्या मानवी हक्कांचं उल्लंघन होत असल्याचं म्हटलं. ज्या कुटुंबांची मदत घ्यायला हवी, त्यांनाच अडचण समजलं जातं, असंही समितीने नोंदवलं.

नव्या कायद्याने प्रश्न सुटेल का?

नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने १९८३ चा कायदा बदलण्यासाठी विधेयक आणलं. सोबत दुसरा मानसिक आजार नसेल, तर केवळ ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमतेच्या आधारे २८ दिवसांपुढे ठेवता येणार नाही, ही त्यातली मुख्य तरतूद. 'जवळचा नातेवाईक' कायद्याने ठरवण्याऐवजी रुग्णाने स्वतः आपला माणूस निवडावा, असंही त्यात आहे.

पण पालकांची धाकधूक संपलेली नाही. २८ दिवस संपायच्या आत दुसऱ्याच आजाराचं नाव फाइलवर चढलं तर? आणि कोर्टाच्या आदेशाने, गुन्ह्याच्या प्रकरणातून दाखल झालेल्यांना ही मर्यादा लागू होत नाही.

सगळ्यात मोठी अट वेगळीच आहे. रुग्णालयाबाहेरच्या सोयी पुरेशा उभ्या राहिल्या की मगच २८ दिवसांची तरतूद लागू करू, असं सरकारचं म्हणणं आहे. म्हणजे कायदा बदलला तरी आधी घर हवं, घरात मदतीला माणसं हवीत आणि त्यांचे पगार कोण देणार हे ठरायला हवं. पालक इतकी वर्षं हेच तर मागतायत.