काळे स्मृती व्याख्यान आणि संघराज्याचा वाद

पुण्यातील गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून उभी राहिली. १९९३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. काळे यांच्या स्मृत्यर्थ संस्थेत होणाऱ्या व्याख्यानांपैकी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे 'फेडरेशन व्हर्सेस फ्रीडम' हे २९ जानेवारी १९३९ रोजी गोखले सभागृहात झालेले व्याख्यान विशेष महत्त्वाचे मानावे लागेल.

१९३५ च्या कायद्यातील प्रांतिक स्वायत्तता १९३७ मध्ये अमलात आली होती. संघराज्याचा भाग मात्र संस्थानिकांच्या संमतीवर अडला होता. या योजनेत प्रांतांचे प्रतिनिधी निवडून येणार, तर संस्थानांचे प्रतिनिधी राजे नेमणार होते. संरक्षण व परराष्ट्र व्यवहार गव्हर्नर जनरलच्या हाती राहणार होते. अशा संघराज्याने स्वातंत्र्याची वाट रोखली जाईल, असे आंबेडकरांचे प्रतिपादन होते. अर्थशास्त्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत राज्यघटनेची इतकी कठोर चिकित्सा झाली, याचे अनेकांना नवल वाटते. संस्थेच्या नावात 'राज्यशास्त्र' आधी येते, हे सहसा लक्षात राहत नाही.

महायुद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये योजना स्थगित झाली आणि पुढे कधीच अमलात आली नाही. हे व्याख्यान महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या पहिल्या खंडात उपलब्ध आहे.