विद्युत् गाडी, उभ्याने चालवावयाची

कारखाने, गुदामे, बंदरे, रेल्वे स्थानके इ. ठिकाणी थोड्या अंतरावर माल वाहून नेण्यासाठी वापरण्यात येणारे, घटमालेवर, म्हणजेच रूढ भाषेतील बॅटरीवर, चालणारे व चालकाने उभे राहून चालवावयाचे लहान वाहन. हे वाहन सार्वजनिक रस्त्यासाठी नसते. त्याचा संचार कारखान्याच्या फाटकाच्या आतच असतो. त्याचा वेग सामान्यपणे ताशी १० किमी.च्या आसपास ठेवतात. चालकास दिवसातून शेकडो वेळा चढावे-उतरावे लागते, अशा कामात बसण्याची जागा अडचणीची ठरते. चालक उभा राहिल्याने गाडीची लांबी कमी होते, ती अरुंद वाटेत वळू शकते व चालकास मालाच्या वरून दूरवर पाहता येते. सपाट फळ्याची गाडी, ओढगाडी व काट्यांनी माल उचलणारी गाडी हे तिचे मुख्य प्रकार होत.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके या वाहनाच्या अभ्यासास उपयुक्त आहेत. शेतमालावरील प्रक्रिया, जड यंत्रनिर्मिती व विद्युत् वाहनांची निर्मिती असे उद्योगांचे तीन टप्पे येथे एका शतकाच्या आत आले आणि ओझे वाहण्याच्या रीतीही त्यांबरोबर बदलत गेल्या.

पूर्वपीठिका : हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहू लागल्यावर येथे ऊस व गूळ यांचे उत्पादन वाढले. भाटघर येथील लॉइड धरण १९२७ मध्ये पूर्ण झाल्यावर नीरा खोऱ्यातील सिंचनास अधिक स्थैर्य लाभले. दौंड–बारामती हा अरुंदमापी लोहमार्ग १९१४ मध्ये सुरू झाला; पुढे तो रुंदमापी करण्यात आला. उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना उभारला व तेथील वसाहतीस वालचंदनगर हे नाव मिळाले. मळ्यातील ऊस कारखान्यापर्यंत आणण्यासाठी तेथे अरुंद रुळांचा मार्ग होता. पुढे येथेच साखर व सिमेंट कारखान्यांची यंत्रसामग्री, बाष्पित्रे, दंतचक्र-पेट्या आणि भारताच्या अवकाश कार्यक्रमातील अग्निबाणांच्या घन इंधन चलित्रांची आवरणे तयार होऊ लागली. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने निघाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली व त्याच्या औद्योगिक क्षेत्रांमुळे साखरेखेरीज इतर उद्योगही या भागात आले. बारामती येथील जोडरहित पोलादी नळ्या, घडीव यंत्रभाग, दुग्धपदार्थ व चॉकलेट यांचे आणि भिगवण येथील कागदाचे उत्पादन ही त्यांची उदाहरणे होत.

या इतिहासात एक विसंगती दिसते. फाटकापर्यंतची वाहतूक बैलगाडी, रूळगाडी, ट्रॅक्टर व मालमोटार अशा क्रमाने यांत्रिक होत गेली. पण फाटकाच्या आतील ओझे दीर्घकाळ माणसाच्या पाठीवरच राहिले. साखरेचे पोते पूर्वी १०० किग्रॅ. भरत असे, ५० किग्रॅ.ची पोती नंतर प्रचारात आली. पोते पाठीवर घेऊन फळीवरून थप्पीवर चढणारा हमाल हे साखर गुदामातील नित्याचे दृश्य होते. कारखाने अधिनियम, १९४८ मधील चौतिसाव्या कलमाने इजा होण्याचा संभव असेल इतके वजन कामगारास उचलावयास लावण्यास मनाई केली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये कमाल वजनासंबंधीचा संकेत संमत केला व त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किग्रॅ. ही मर्यादा सुचविली. हमालांच्या कामाचे व कल्याणाचे नियमन करणारा माथाडी कायदा महाराष्ट्रात १९६९ मध्ये झाला. आतील वाहतुकीसाठी यंत्र वापरण्याचा प्रश्न या सर्व तरतुदींच्या संदर्भात पाहावा लागतो, कारण यंत्राने पाठीवरील भार उतरतो तसा हमालाचा रोजगारही कमी होण्याचा संभव असतो. जेथे हमालांपैकीच काहींना चालक म्हणून शिकविले जाते, तेथे हा बदल कमी क्लेशकारक होतो.

उगम व विकास : गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल घटमालेचा शोध लावला व कामीय फोर यांनी १८८१ मध्ये तिच्या पट्ट्यांत सुधारणा केली. त्यामुळे वीज साठवून वाहनात नेणे शक्य झाले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया रेलरोड या कंपनीने १९०६ मध्ये आल्टूना येथील स्थानकावर सामान वाहण्यासाठी घटमालेवर चालणाऱ्या फळ्याच्या गाड्या वापरात आणल्या. अशा गाड्यांत चालक एका टोकास लहान पायरीवर उभा राहून दांड्याने दिशा देत असे. टॉमस आल्वा एडिसन यांची निकेल-लोह घटमालाही औद्योगिक गाड्यांत वापरली गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात मजुरांचा तुटवडा पडल्याने ब्रिटनमधील कारखान्यांत या गाड्यांचा प्रसार झाला. दुसऱ्या महायुद्धात माल ठरावीक मापाच्या लाकडी तक्तपोशीवर रचून तक्तपोशीसह उचलण्याची पद्धत रूढ झाली. ही तक्तपोशी कारखान्यांत पॅलेट या नावाने ओळखली जाते. तिच्या प्रसारानंतर गुदामातील वाटा अरुंद व मांडण्या उंच होऊ लागल्या आणि अरुंद वाटेत वळणारी, उभ्याने चालवावयाची काटागाडी महत्त्व पावली.

रस्त्यावर विद्युत् मोटारगाडी १९२० नंतर पेट्रोल गाडीपुढे मागे पडली. कारखान्यात मात्र विद्युत् गाडी टिकून राहिली. अंतर थोडे, वेग कमी, थांबे पुष्कळ आणि भारण करण्याची जागा जवळ, ही परिस्थिती घटमालेस अनुकूल असते. शिवाय खाद्यपदार्थ व दूध यांच्या कारखान्यांत आणि शीतगृहांत इंजिनाचा धूर चालत नाही. मोटारगाडीत दोष ठरलेले घटमालेचे वजनही येथे उपयोगी पडते, कारण काटागाडीत पुढील मालाचा तोल सावरण्यास ते मागे असावेच लागते.

रचना व कार्य : घटमाला, विद्युत् चलित्र, नियंत्रक, चाके व गतिरोधक ही गाडीची मुख्य अंगे होत. शिसे-अम्ल घटमालेतील प्रत्येक घटाचा दाब सु. २ व्होल्ट असतो. त्यामुळे २४ व्होल्टच्या गाडीत १२ व ४८ व्होल्टच्या गाडीत २४ घट लागतात. चलित्र दीर्घकाळ एकसरी जोडणीचे व एकदिश प्रवाहावर चालणारे असे. थांबलेली जड गाडी हलविण्यास आरंभी मोठी परिपीडन प्रेरणा लागते व ती या चलित्रात सहज मिळते. आरंभी वेगाचे नियंत्रण रोधकांनी करीत व त्यात बरीच वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. १९६० नंतर थायरिस्टर या अर्धसंवाहक साधनाचा वापर सुरू होऊन हा अपव्यय कमी झाला. नंतरच्या गाड्यांत प्रत्यावर्ती प्रवाहाची प्रवर्तन चलित्रे आली. त्यांत कार्बनचे कुंचे व दिक्परिवर्तक नसल्याने झिजणारे भाग कमी झाले.

उभ्याने चालवावयाच्या बहुतेक गाड्यांत पायाखालील पट्टीचे कार्य मोटारगाडीच्या उलट असते. पाऊल पट्टीवर दाबलेले असेपर्यंत गाडी चालते आणि पाऊल उचलताच गतिरोधक लागतो. चालक घसरला, पडला किंवा बेशुद्ध झाला तरी गाडी आपोआप थांबावी, हा त्यातील हेतू होय. ही पट्टी दगड ठेवून किंवा तारेने बांधून दाबून ठेवणे म्हणजे गाडीतील मुख्य संरक्षण काढून टाकणे होय.

चालविणे : पाळी सुरू होताना गतिरोधक, पायपट्टी, दिशादांडा, भोंगा, चाके, जाड तारा व गळती यांची तपासणी करतात. दोष आढळल्यास गाडी बाजूस काढून तशी पाटी लावतात. चालकाचे हात, पाय व डोके गाडीच्या चौकटीबाहेर जाता कामा नये. खांब किंवा मांडणी यांमध्ये पाऊल चिरडणे हा या गाडीवरील नेहमीचा अपघात होय. माल जमिनीपासून थोडाच वर ठेवून न्यावा, वळणावर व दारात भोंगा वाजवावा, उतारावर आडवे वळू नये व काट्यांवर माणूस चढवू नये, हे सर्वत्र मान्य असलेले नियम आहेत. उभ्याने काम करणाऱ्या चालकाच्या कमरेस व गुडघ्यांस हादरे बसतात. म्हणून पायाखाली जाड रबरी आस्तर असावे लागते, जमिनीतील खड्डे वेळीच बुजवावे लागतात व चालकास मधून विश्रांती द्यावी लागते. पाठीचा भार चाकांवर घालताना तो गुडघ्यांवर येऊ नये, याची काळजी व्यवस्थापनाने घ्यावयाची असते.

निगा : गाडीचे आयुष्य मुख्यत्वे घटमालेच्या निगेवर अवलंबून असते. शिसे-अम्ल घटमाला तिच्या क्षमतेच्या सु. ८० टक्क्यांपलीकडे रिकामी होऊ देत नाहीत. पूर्ण भारित अवस्थेत अम्लाचे विशिष्ट गुरुत्व सु. १·२८ असते, रिकामी होताना ते सु. १·१५ पर्यंत उतरते. आठ तास काम, आठ तास भारण व आठ तास निवणे असा तिचा रूढ क्रम आहे. साहजिकच तीन पाळ्यांच्या कामास एका गाडीमागे एकाहून अधिक घटमाला लागतात. भारणाच्या अखेरीस हायड्रोजन वायू बाहेर पडतो व हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की स्फोट होऊ शकतो. यास्तव भारणाची खोली हवेशीर ठेवतात व तेथे विडी-काडीस सक्त मनाई असते. अम्ल हाताळताना चष्मा व रबरी हातमोजे वापरतात. डोळे धुण्याची सोय जवळ ठेवतात. घटांवर धातूचे हत्यार पडल्यास दोन अग्रे जोडली जाऊन मोठी ठिणगी उडते. म्हणून अंगठी व कडे काढून ठेवण्याची शिस्त पाळतात.

बारामती–इंदापूरसारख्या प्रदेशात या सर्वसाधारण नियमांना चार स्थानिक बाबींची जोड द्यावी लागते. पहिली बाब पाण्याची. कालव्याखालील भारी काळ्या जमिनींत अतिसिंचनाने पाणथळपणा व क्षारता वाढल्याचा प्रश्न येथे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून आहे. विहिरीच्या पाण्यातील क्षार घटाच्या पट्ट्यांस अपायकारक असल्याने घटात केवळ ऊर्ध्वपातित पाणीच घालावे लागते व तेही सामान्यतः भारण पूर्ण झाल्यावर. दुसरी बाब उन्हाळ्याची. येथे तापमान ४० अंश से.च्या वर जाते. सु. २५ अंशांवर दर १० अंशांची वाढ कायम राहिली, तर शिसे-अम्ल घटमालेचे आयुष्य अदमासे निम्मे होते, असा अनुभवसिद्ध ठोकताळा आहे. पाणीही लवकर आटते. तिसरी बाब गळीत हंगामाची. हंगामात साखर कारखाना रात्रंदिवस चालतो व नंतर गाडी काही महिने उभी राहते. वापराविना पडलेली घटमाला आपोआप रिकामी होत जाते व तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटाचे कठीण थर बसतात. त्यामुळे बंद हंगामातही तिचे दरमहा भारण करावे लागते. हंगामाच्या आरंभी गाडी चालू होत नाही, याचे कारण पुष्कळदा मागील उन्हाळ्यातील दुर्लक्षात सापडते. चौथी बाब विजेची. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात तीव्र भारनियमन होते. अर्धवट भारणाने घटमालेची हानी कशी होते, हे त्या काळात विशेषत्वाने दिसून आले.

साखर उद्योगात आणखी एक धोका संभवतो. हवेत तरंगणारी साखरेची बारीक धूळ ठिणगीने पेट घेते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथील साखर शुद्धीकरण कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ माणसे दगावली. कुंच्यांच्या चलित्रात ठिणग्या उडत असल्याने जेथे अशी धूळ साचते तेथे साधी विद्युत् गाडी नेत नाहीत. विशेष बंदिस्त रचनेची गाडी वापरतात. धूळ नियमितपणे काढून टाकणे हा खरा प्रतिबंधक उपाय होय.

अलीकडील स्थिती : लिथियम-आयन घटमालेच्या प्रसाराने निगेचे स्वरूप पालटले. शिसे-अम्ल घटमालेत दर किग्रॅ.मागे सु. ३० ते ४० वॉट-तास ऊर्जा साठते. लिथियम घटमालेत ती याच्या कित्येक पट असते. तिला पाणी घालावे लागत नाही, नेहमीच्या भारणात वायू सुटत नाही व विश्रांतीच्या वेळात थोडे थोडे भारण करता येते. तथापि आघात, अतिउष्णता व चुकीचे भारणयंत्र यांमुळे ती पेट घेऊ शकते व अशी आग विझविणे कठीण असते. तिची किंमत अधिक असून वजन कमी असल्याने जुन्या काटागाडीत ती बसविताना तोलाचा पुन्हा विचार करावा लागतो.

बारामती येथे इटलीतील पियाजिओ कंपनीच्या भारतीय शाखेचा कारखाना आहे. ‘आपे’ ही तीनचाकी तेथे १९९९ पासून तयार होऊ लागली. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ मधमाशी असा आहे. ‘व्हेस्पा’ स्कूटरचा कारखाना २०१२ मध्ये तेथेच सुरू झाला व कंपनीने ‘आपे ई-सिटी’ ही विद्युत् तीनचाकी डिसेंबर २०१९ मध्ये बाजारात आणली. ही वाहने बसून चालवावयाची व रस्त्यावरील असली, तरी चलित्र, नियंत्रक व घटमाला ही विद्युत् तीनचाकीची मुख्य अंगे कारखान्यातील विद्युत् गाडीसारखीच आहेत. त्यामुळे एकीच्या दुरुस्तीचे शिक्षण दुसरीच्या निगेस उपयोगी पडते. फाटकाच्या आतील विद्युत् गाडीचा लाभ कामगारापर्यंत पोहोचणे मात्र पायपट्टी निकोप राखणारा चालक, वेळेवर ऊर्ध्वपातित पाणी घालणारा कारागीर आणि बंद हंगामातही घटमालेची आठवण ठेवणारी व्यवस्था यांवरच अवलंबून राहते. या तिन्हींच्या अभावी नादुरुस्त गाडी गुदामाच्या कोपऱ्यात पडून राहते व पोते पुन्हा हमालाच्या पाठीवर येते.