कॉलिंग कन्व्हेन्शन आणि कंपायलरमधील दोषदुरुस्ती

कॉलिंग कन्व्हेन्शन : संगणकाच्या आज्ञावलीतील एका फंक्शनने दुसऱ्यास पाचारण करताना मूल्ये कोठे ठेवावीत, उत्तर कोठून उचलावे, कोणती रजिस्टरे जशीच्या तशी परत मिळावीत आणि स्टॅकची आवराआवर कोणी करावी, यांविषयी यंत्र व कार्यप्रणाली यांच्या जोडीगणिक ठरलेला करार. कंपायलरच्या ज्या अखेरच्या भागात भाषेचे रूपांतर प्रत्यक्ष यंत्राज्ञांत होते, त्या बॅकएंडमध्ये या कराराची अंमलबजावणी होते आणि तेथेच तो मोडण्याचा संभवही असतो.

कंपायलर हा मूलतः भाषांतरकार होय. भाषांतराचाच एक दाखला घ्यावयाचा तर, दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबलाचे मराठी भाषांतर केले. त्या १९२२ साली निवर्तल्या, आणि त्यांच्याच मुक्ती मिशनच्या ज्या छापखान्यात आश्रमातील स्त्रिया खिळे जुळवीत, तेथून तो ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. एवढ्या विस्ताराच्या ग्रंथात एक शब्द एका खंडात एका अर्थाने व दुसऱ्यात निराळ्या अर्थाने उतरला, तर प्रत्येक पान सुटे वाचणाऱ्यास काहीच खटकत नाही. दोन खंड शेजारी ठेवून रुजुवात घालणाऱ्यालाच विसंगती दिसते. कॉलिंग कन्व्हेन्शनचा दोष नेमका या जातीचा आहे. बोलावणारे फंक्शन आपल्या परीने शुद्ध असते, बोलावलेलेही शुद्ध असते. चूक असते ती दोहोंच्या हद्दीवर.

उदाहरणार्थ, एक्स८६ कुळातील ६४ बिटांच्या यंत्रावर लिनक्स पहिली सहा पूर्णांक मूल्ये रजिस्टरांतून देते, तर विंडोज चारच देते आणि शिवाय स्टॅकवर ३२ बाइटांची जागा राखून ठेवण्याचे बंधन बोलावणाऱ्यावर घालते. आरडीआय व आरएसआय ही रजिस्टरे लिनक्सवर बोलावलेल्या फंक्शनने खुशाल वापरावीत, विंडोजवर मात्र ती पूर्ववत सुपूर्द करावीत, असा दंडक आहे. बॅकएंडच्या कोष्टकात यांपैकी एक नोंद चुकली, तर आज्ञावली त्या जागी न कोसळता पुष्कळ पुढे, ज्या ओळीचा काही अपराध नाही अशा ओळीवर कोसळते. स्टॅकच्या जुळणीचा इतिहास याहून बोधप्रद आहे. ३२ बिटांच्या जुन्या करारात स्टॅक ४ बाइटांच्या पटीत असला म्हणजे पुरे होते. पुढे जीसीसी या मुक्त कंपायलराने तो १६ च्या पटीत असल्याचे गृहीत धरून आज्ञा रचण्यास आरंभ केला, तेव्हा जुन्या कराराने बांधलेल्या आज्ञावलींनी नव्या फंक्शनांस बोलावताच मूव्हॅप्ससारख्या, १६ च्याच पटीतला पत्ता मागणाऱ्या आज्ञा बंद पडू लागल्या. त्यावर फंक्शनात प्रवेश होतानाच स्टॅक पुन्हा जुळवून घेण्याची सोय करावी लागली.

दुरुस्तीची पद्धत धीमी आहे आणि ती तशीच असावी. प्रथम दोष दाखविणारी आज्ञावली छाटत छाटत काही ओळींवर आणावयाची. मग ऑप्टिमायझेशनविना व त्यासह निघालेल्या यंत्राज्ञा समोरासमोर ठेवून कोणत्या टप्प्यानंतर बिघाड शिरला ते पाहावयाचे, कारण रजिस्टर-वाटपाचा दोष व कराराचा दोष बाहेरून सारखेच दिसतात. त्यानंतर दुरुस्ती, आणि तिच्यासोबत कायमची चाचणी. जीसीसीच्या चाचणी-दप्तरात अर्धी फंक्शने एका कंपायलराने व अर्धी दुसऱ्याने बांधून दोहोंची गाठ घालणाऱ्या चाचण्या आहेत. हद्दीवरचे दोष पकडण्यास याहून चांगला उपाय प्रस्तुत लेखकास माहीत नाही. मात्र चुकीचा करार वर्षानुवर्षे प्रचारात राहिला असल्यास तो सुधारणे म्हणजे पूर्वी बांधलेल्या प्रत्येक लायब्ररीशी फारकत घेणे होय. अशा वेळी लेखी करार खरा मानावा की रूढ वहिवाट, हा प्रश्न तंत्राचा न राहता न्यायाचा होतो, आणि वापरणाऱ्यास आगाऊ इशारा दिल्याविना वहिवाट बदलणे अन्यायाचे आहे.

महाराष्ट्रात या विद्येची जोपासना दोन ठिकाणी विशेष झाली. मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले आणि जीसीसीची अंतर्रचना शिकविणाऱ्या कार्यशाळा तेथे भरल्या. पुण्यात केपीआयटी कमिन्स या कंपनीने रेनेसासच्या एसएच व एच८ या मायक्रोकंट्रोलरांसाठी, जीसीसी ज्यांत मोडते ती, जीएनयू साधने तयार करून विनामूल्य वाटली. याच कंपनीने नॅशनल सेमीकंडक्टरच्या सीआर१६ प्रोसेसरसाठी लिहिलेला संपूर्ण बॅकएंड २०१२ साली जीसीसीत दाखल झाला, आणि त्याच्या फाइलींच्या शिरोभागी कर्तृत्वाची नोंद कंपनीच्या नावे राहिली. बॅकएंड एकदा लिहून भागत नाही. जीसीसीचा गाभा आवृत्तीगणिक पालटतो आणि प्रत्येक पालटासरशी हद्दीवरचे करार कोणाला तरी पुन्हा तपासून पाहावे लागतात. सीआर१६ चा बॅकएंड १२ व्या आवृत्तीत कालबाह्य ठरविण्यात आला आणि २०२३ साली निघालेल्या १३ व्या आवृत्तीतून तो वगळण्यात आला.