बॅटरीची पकड

सन १८८१ मध्ये पॅरिसहून ग्लासगोला एक लाकडी पेटी गेली. ती होती विल्यम थॉमसन यांच्यासाठी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या शास्त्रज्ञांसाठी. पेटीत कामिय फोर यांनी बनवलेले शिशाचे विद्युतघट होते. पॅरिसमध्ये साठवलेली वीज स्कॉटलंडात वापरता येते, याचे त्या काळी मोठे अप्रूप वाटले. आज प्रत्येक मोटारीत अशी पेटी फिरत असते. ती जागेवर घट्ट बसली आहे की नाही, हे मात्र बॉनेट उघडल्यावरही सहसा कोणी बघत नाही.

फोर यांच्या घटाचे रहस्य त्याच्या लेपात होते. त्यांच्याआधी १८५९ मध्ये गास्तों प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे गुंडाळून विरल सल्फ्युरिक आम्लात बुडवले होते. वीज साठवणारा थर त्या पत्र्यांच्या अंगावरच, पुन:पुन्हा प्रभारण करून तयार व्हायचा. हे काम फार वेळखाऊ होते. फोर यांनी शिशाच्या ऑक्साइडचा लेपच पत्र्याला दिला, लवकरच पत्र्याऐवजी जाळी आली आणि घटाची क्षमता पुष्कळ वाढली. पण जे लिंपलेले असते ते गळूही शकते. हादऱ्यांनी लेपाचे कण सुटतात आणि तळाशी गाळ साचतो. गाळ पट्ट्यांना टेकला की आतल्या आत मंडल पूर्ण होऊन घट निकामी होतो. म्हणूनच जुन्या बॅटऱ्यांच्या तळाशी उंचवटे ठेवून गाळासाठी जागा सोडलेली असे. गाडीची बॅटरी हलू देऊ नये, याचे पहिले कारण इतके जुने आहे.

दुसरे कारण मोटारीबरोबर आले. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचे कष्ट हळूहळू संपले. पण स्टार्टरला क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो, म्हणून बॅटरी मोठी व जड झाली. लहान मोटारीची बॅटरीसुद्धा दहा किलोच्या आसपास भरते. तिला धरून ठेवण्याचे दोन प्रकार रूढ झाले. एकात बॅटरीवर आडवी पट्टी किंवा चौकट ठेवून ती दोन लांब आकड्यांच्या बोल्टनी ट्रेला आवळतात. दुसऱ्यात बॅटरीच्या पायथ्याशी असलेल्या कडेवर पाचरीसारखा क्लॅम्प बसतो. साधीच युक्ती, पण बॅटरी आणि ट्रे एकमेकांसाठी बनलेले असतील तरच ती चालते.

आता चंद्रपूर-गडचिरोलीकडे वळू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा बराचसा जंगलाचा. हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तिथवर पोचणे हेच एक काम होते. आता डांबरी रस्ते पुष्कळ झाले आहेत. तरी पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद पडते. भामरागडहून आलापल्लीकडे रुग्ण घेऊन निघालेली गाडी वाटेत बंद पडली, तर दुसरी गाडी सहज मिळेल अशी स्थिती सगळीकडे नाही.

खड्ड्यात नेमके काय होते? वहीवर एक नाणे ठेवून वही झटक्याने खाली ओढावी. नाणे क्षणभर हवेत राहते आणि मग वहीवर आपटते. खड्ड्यात चाक पडले की ट्रे जर गुरुत्वप्रवेगाहून अधिक वेगाने खाली गेला, तर मोकळी बॅटरी अशीच मागे राहते आणि मग आदळते. नाण्याच्या जागी दहा किलो वजन आहे एवढाच फरक. वर्गात हा प्रयोग दोन मिनिटांत होतो.

खरी गडबड होते ती बॅटरी बदलताना. मूळ मापाची बॅटरी दुकानात नसते, घाई असते, म्हणून जवळपासच्या मापाची बसवली जाते. ती बुटकी असेल तर वरची पट्टी तिला टेकत नाही. मग सुतळी, लाकडाची चिपळी किंवा जुन्या ट्यूबची पट्टी पुढे येते. या जुगाडाचे कौतुक आम्हालाही आहे, पण रबर ताणते आणि लाकूड सुकून आकसते. बॅटरी उंच असेल तर धोका अधिकच. तिचे धन अग्र बॉनेटच्या पत्र्याला टेकू शकते आणि पत्रा ऋण अग्राला जोडलेला असतो. बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम धरला, तर ओहमच्या नियमाने प्रवाह येतो १२ भागिले ०.०१, म्हणजे १,२०० अँपिअर! बारा व्होल्टचा झटका माणसाला जाणवत नाही, म्हणून ही बॅटरी निरुपद्रवी वाटते. पण एवढ्या प्रवाहाने वायर लाल होते. त्यात प्रभारणाच्या वेळी सुटलेला हायड्रोजन साचला असेल, तर एक ठिणगी पुरते.

म्हणून विकत घेताना कवचावरचा क्रमांक वाचावा. '३८बी२०एल' या जपानी पद्धतीच्या खुणेत ३८ ही कार्यक्षमतेची श्रेणी, बी हा उंची-रुंदीचा वर्ग, २० ही सेंटिमीटरमधली अंदाजे लांबी आणि एल ही अग्रांची बाजू. जुन्या बॅटरीशी निदान शेवटची तिन्ही अक्षरे-आकडे जुळावेत. काढताना ऋण तार आधी सोडावी, जोडताना ती सर्वांत शेवटी लावावी. म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी मंडल पूर्ण होत नाही. तारा जोडण्यापूर्वी ट्रे साफ करून क्लॅम्प आवळावा. मात्र अंगातले बळ लावून नव्हे, कारण फार आवळल्यास प्लॅस्टिकचे कवच तडकते व आम्ल झिरपते. हाताने हलवून पाहिल्यावर बॅटरीसोबत गाडीही हलली, तर पकड पुरेशी आहे.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत केली जाते, तिच्यातले शिसे पुन्हा वापरात येते. त्या गडबडीत आकड्यांचे बोल्ट आणि पट्टी मात्र गॅरेजच्या फरशीवर राहून जातात. तेवढे उचलून घ्यावेत. नव्या बॅटरीच्या खोक्यात ते येतीलच असे नाही.