मांजराने जिवंत पक्षी घरात आणला तर

पहाटे खिडकीतून मांजर आत येते. तोंडात काहीतरी फडफडत असते. चिमणी, बुलबुल, पारव्याचे पिल्लू, कधी साळुंकी. ते थेट पलंगाखाली शिरते आणि आपण अर्धवट झोपेत, उघड्या हातांनी पक्षी सोडवायला धावतो. माझ्याकडे या कारणाने येणारे बहुतेक लोक एकच प्रश्न घेऊन येतात: पक्ष्यापासून काही रोग होईल का? सोडवताना हाताला मांजराचे दोन दात लागले, हे ते जाता जाता सांगतात. खरी काळजी करायची ती या दातांची. पक्ष्यापासून होणारे आजार आहेत, त्यांची माहितीही पुढे दिली आहे, पण क्रम लक्षात ठेवा: आधी आपला हात, मग बाकी सगळे.

आधी काय करावे

सर्वप्रथम छताचा पंखा बंद करा. तोंडातून सुटलेला पक्षी वर उडतो आणि फिरत्या पंख्यावर आपटतो. लहान मुलांना खोलीबाहेर पाठवा.

मांजराच्या मागे धावू नका. पाठलाग झाला की ते भक्ष्य आणखी घट्ट धरते आणि जास्त अडचणीच्या जागी जाऊन बसते. त्याच्या तोंडातून पक्षी ओढून काढण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका. शिकारीच्या भरात असलेले मांजर रोज मांडीवर झोपणारे असले तरी चावते. त्यापेक्षा त्याच्या खाऊचा डबा वाजवा, किंवा त्याला आवडणारा मासळीचा तुकडा दाखवा. मांजर बरेचदा तोंड उघडते आणि पक्षी खाली पडतो. मग मांजराला खाऊच्या मागे दुसऱ्या खोलीत न्या आणि दार लावा. उचलणे भागच पडले तर जाड टॉवेलात गुंडाळून उचला.

पक्षी उडता असेल तर खोलीतले दिवे घालवा, एक खिडकी पूर्ण उघडा, बाकीच्या खिडक्यांचे पडदे ओढा आणि दार लावून तुम्ही बाहेर या. उजेड दिसेल त्या बाजूला तो आपोआप जातो. रात्री अंधारात मांजराने काही आणले असेल तर नीट पाहिल्याशिवाय हात लावू नका. पक्षी समजून लोक छोटे वटवाघूळ उचलतात. वटवाघळाने चावले किंवा ओरबाडले, तर ते डॉक्टरांना वेगळे आणि स्पष्ट सांगा.

मांजराचा दात किंवा नख लागले तर

कुत्र्याच्या चाव्याने मांस फाटते, रक्त येते, माणूस घाबरतो आणि दवाखान्यात जातो. मांजराचे दात सुईसारखे बारीक. वरून फक्त दोन ठिपके दिसतात, पण दात आत खोल गेलेला असतो आणि त्याबरोबर तोंडातले जंतूही. बहुसंख्य मांजरांच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. भोक लहान असल्याने ते वरून लवकर मिटते आणि जंतू आत कोंडले जातात. बोटात तर सांधा आणि स्नायूबंध त्वचेच्या अगदी जवळ असतात. तिथे जंतू पोचले की सूज झपाट्याने वाढते, बहुधा पहिल्या २४ तासांतच.

माझ्या एका रुग्ण बाईंनी सकाळी बुलबुल सोडवताना तर्जनीवर चावा घेतला होता. हळद आणि चुना भरून त्या शाळेत शिकवायला गेल्या. संध्याकाळी बोट सुजून ताठ झाले, दुसऱ्या दिवशी मिटेनासे झाले. शेवटी बोट उघडून पू काढावा लागला आणि बोट पूर्ण वाकायला पुढे दोन महिने व्यायाम करावे लागले. पक्षी मात्र उडून गेला होता, हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

म्हणून जखम कितीही लहान असली तरी ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरा आणि साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून पाहा, १५ मिनिटे आपल्याला वाटतात त्यापेक्षा खूप जास्त असतात. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावा. हळद, चुना, तिखट, तंबाखू, तेल यांपैकी काहीही जखमेत भरू नका. घट्ट पट्टी बांधू नका. अंगठी घातलेली असेल तर सूज येण्याआधी काढून ठेवा.

मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हाताच्या चाव्याला सूज नसतानाही काही दिवस अँटिबायोटिक दिले जाते, सहसा अमॉक्सिसिलीन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल एकत्र असलेले. पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. घरात उरलेल्या गोळ्या घेऊ नका. त्वचेच्या साध्या गळवासाठी चालणारी काही औषधे पाश्चुरेलावर निकामी ठरतात. धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल तर तीही घ्यावी लागते.

नखाच्या ओरखड्यातून एक वेगळा आजार होतो. त्याचा जंतू बार्टोनेला. तो मांजरांमध्ये पिसवांमुळे पसरतो, आणि पिसवांची विष्ठा नखांत अडकून जखमेत जाते. ओरखड्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेत दुखरी गाठ येते, थोडा ताप येतो. बहुतेक वेळा तो आपोआप बरा होतो. पण काखेत गाठ म्हटली की घरचे भलतीच शंका घेऊन बसतात. अशा वेळी मांजराचा ओरखडा आठवणीने सांगितला, तर पुष्कळ तपासण्या वाचतात.

रेबीजची लस घ्यायची का

पक्ष्यांपासून माणसाला रेबीज होत नाही. तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. पण पक्षी पकडणारे मांजर म्हणजे बाहेर फिरणारे मांजर. गल्लीतली कुत्री आणि इतर बोके त्याला भेटत असतात. भारतात रेबीज असल्याने आपल्याकडे मांजराच्या चाव्याकडे रेबीजच्या दृष्टीनेच पाहावे लागते.

नुसता ओरखडा, रक्त नाही, तर लस पुरते. रक्त आले असेल, मग तो चावा असो वा ओरखडा, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोबुलिनही टोचावे लागते. लस दंडाच्या स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी घेतात. त्वचेत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. पोटातली चौदा इंजेक्शने कधीच बंद झाली आहेत, त्या भीतीने थांबू नका. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही ती घेता येते. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल तर सहसा ० आणि ३ या दिवशी दोनच डोस लागतात. त्याची नोंद बरोबर न्या.

घरच्या मांजराला लस दिलेली आहे, मग मला कशाला, असे बरेच जण विचारतात. उत्तर असे की सुरुवात करा आणि मांजरावर १० दिवस नजर ठेवा. ते दहा दिवस धडधाकट राहिले तर पुढचे डोस थांबवायचे का, हे डॉक्टर ठरवतील. आधी दहा दिवस पाहू आणि मग लस घेऊ, हा क्रम चुकीचा आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळपास उरत नाही.

पक्ष्यांपासून येणारे आजार

एका पक्ष्याशी दहा मिनिटांचा संबंध आला म्हणून निरोगी माणसाला आजार होण्याची शक्यता कमी असते. कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांना येणारी सूज हल्ली सगळ्यांना माहीत झाली आहे, पण ती महिनोन्महिने त्या धुळीत राहिल्याने होते. मांजराने एकदा पारवा आणला म्हणून नव्हे.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. पोपट आणि कबुतरांकडून सिटॅकोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप, जोराची डोकेदुखी आणि कोरडा खोकला येतो. न्यूमोनियाची नेहमीची काही औषधे त्यावर चालत नाहीत, डॉक्सिसायक्लिन चालते. त्यामुळे 'पक्षी हाताळला होता' हे एक वाक्य डॉक्टरांना सांगणे फार मोलाचे असते.

दुसरा बर्ड फ्लू. भारतात तो पहिल्यांदा २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये सापडला. मांजरवर्गाला हा विषाणू जड जातो. २०२३ मध्ये पोलंडमध्ये अनेक पाळीव मांजरे त्याने मेली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, त्यांच्यातही हाच विषाणू निघाला. मांजराकडून माणसाला तो झाल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. तरीही तुमच्या भागात कावळे, बगळे किंवा कोंबड्या एकाएकी मरत असतील, तर मांजर घरातच ठेवा आणि मेलेल्या पक्ष्यांची खबर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. आजारी पक्षी पकडायला सोपा असतो, म्हणून तोच आधी मांजराच्या तोंडी लागतो. पक्षी खाल्ल्यावर मांजर मलूल झाले, धापा टाकू लागले, तोल जाऊ लागला किंवा झटके आले, तर त्याला कमीत कमी हाताळा आणि आधी पशुवैद्यांना फोन करा.

घरात केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा स्टेरॉईडच्या गोळ्या घेणारे कोणी असेल, तर पक्षी आणि साफसफाई दोन्ही दुसऱ्याने पाहावे.

घर साफ करताना

पिसे आणि विष्ठा केरसुणीने झाडू नका, धूळ नाकात जाते. मास्क आणि हातमोजे घाला, साबणाचे पाणी किंवा पातळ केलेले ब्लीच शिंपडा, दहा मिनिटे थांबा आणि कागदाने उचलून पिशवीत बांधा. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरे क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. मांजर स्वयंपाकघराच्या ओट्यावरून गेले असेल तर ओटाही धुवा. पक्ष्यांच्या पोटात साल्मोनेला असू शकतो आणि तो मांजराच्या पायांनी पोळपाटापर्यंत पोचतो.

आणि फिनाईल नको. आपल्याकडे घाण दिसली की फिनाईल ओततात, पण काळ्या फिनाईलमधले फिनॉल मांजराचे यकृत पचवू शकत नाही. ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटते आणि विषबाधा होते.

घरात कोणी गरोदर असेल तर

'मांजर टाकून या' हा सल्ला सुनेला हमखास मिळतो. तो बहुधा अनावश्यक असतो. पक्षी किंवा उंदीर खाल्ल्याने मांजराला टॉक्सोप्लाझ्माची लागण होऊ शकते, हे खरे. त्यानंतर एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून जंतू बाहेर पडतात. पण ते बाहेर पडल्यावर संसर्ग करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणजे विष्ठेची पेटी रोजच्या रोज साफ झाली तर धोका फार कमी होतो. हे काम गरोदर बाईने करू नये, घरातल्या दुसऱ्या कोणी करावे, आणि 'दुसरे कोणी' म्हणजे नवरा चालतो. कुंडीतल्या मातीत हात घालताना हातमोजे हवेत. कच्चे-अर्धे शिजलेले मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हाच जंतू येतो, तिकडे घरच्यांचे लक्ष सहसा जात नाही.

पक्ष्याचे काय करावे

वरून धडधाकट दिसला तरी मांजराचा दात लागलेला पक्षी बरेचदा एक-दोन दिवसांत मरतो. त्यालाही तोच पाश्चुरेला मारतो. म्हणून रक्त दिसत असेल, पंख लोंबत असेल किंवा तो मांजराच्या तोंडात होता हे नक्की असेल, तर लगेच सोडून देऊ नका. हातमोजे घालून किंवा फडक्याने अलगद उचला, भोके पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि खोके अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी किंवा दूध घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. महाराष्ट्रात वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. जवळचे पक्ष्यांचे डॉक्टर किंवा बचाव संस्था तिथून कळू शकते. बरा झाला म्हणून पोपट पिंजऱ्यात ठेवून घेणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

हे कमी करता येते का

मांजर भुकेपोटीच शिकार करते असे नाही. पोट भरलेलेही करते. मारल्याने किंवा ओरडल्याने ते शिकार थांबवत नाही, फक्त तुमच्यापासून लपवते. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांसाचे प्रथिन भरपूर असलेला आहार दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज ५ ते १० मिनिटे दोरीला पीस बांधून खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. गळ्यात रंगीत कापडी पट्टी घातल्यावर आणलेले पक्षी ४२ टक्क्यांनी कमी झाले, कारण रंग पक्ष्यांना लांबून दिसतो. घंटीचा मात्र फरक दिसला नाही. पट्टा घालणार असाल तर अडकल्यावर आपोआप सुटणाराच घ्या, नाहीतर मांजर ग्रिलला लटकते.

फ्लॅटमध्ये सोपा उपाय म्हणजे गॅलरीला जाळी. कोकणातल्या किंवा गावाकडच्या उघड्या घरात ते जमत नाही. तिथे निदान पहाटे आणि दिवेलागणीला मांजर आत ठेवा, आणि चिमण्यांचे दाणापाणी मांजराच्या उडीच्या टप्प्याबाहेर टांगा. मार्च ते जूनमध्ये पिल्ले घरट्यातून खाली पडतात, तेव्हा जास्त लक्ष द्या. शिकारी मांजराला जंताचे औषध आणि पिसवांचे औषध पशुवैद्य सांगतील तसे नियमित लागते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात, आणि पुढे दरवर्षी. त्या लसीच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. चावा झाल्यावर डॉक्टर त्याविषयी विचारतातच, आणि नेमके तेव्हाच कार्ड सापडत नाही.