वाशीमचं शिखर, कारंज्याचं तळघर

वाशीम जिल्ह्यात तालुके सहा, पण शहर म्हणावं अशी गावं मुख्यतः दोन. २०११ च्या जनगणनेत वाशीमची लोकसंख्या ७८ हजारांच्या घरात होती, कारंजा लाडची ६८ हजारांच्या. दोघांत अंतर साठ-पासष्ट किलोमीटरचं, मधे मंगरुळपीर. आकार जवळजवळ सारखा, पाऊसपाणी सारखं, बाजारात येणारा माल सारखा. तरी गावाबाहेरून पाहिलं तर दोन्ही गावं निराळी दिसतात. वाशीममध्ये नजर बालाजीच्या देवळाकडे जाते आणि बाकीचं गाव त्याच्या आजूबाजूला लागतं. कारंज्यात नजर अशी एका जागी ठरत नाही. गुरुमंदिर आहे, जैन मंदिरं आहेत, मशिदी आहेत, जुन्या वेशी आहेत. पण सगळ्या गावावर हुकूमत गाजवणारी एकच एक उंची नाही. हा फरक पडला तो गेल्या सोळा-सतराशे वर्षांत कोणी काय उभारलं आणि कोणी काय झाकून ठेवलं, त्यामुळे.

मुंबई-पुण्याच्या टोलेजंग इमारतींची चर्चा रोज होते. मध्यम शहरांच्या आकाशरेषेकडे मात्र कोणी इतिहास म्हणून बघत नाही. खरं तर तिथेच ती नीट वाचता येते, कारण उंच वस्तू मोजक्या असतात आणि प्रत्येकीमागचा माणूस किंवा धंदा सापडतो.

सुरुवात वत्सगुल्मापासून करावी लागते. वाकाटक राजा पहिला प्रवरसेन याचा मुलगा सर्वसेन याने चौथ्या शतकात इथे आपल्या शाखेची राजधानी थाटली. हा सर्वसेन प्राकृत ‘हरिविजय’ काव्याचा कर्ता. त्याच्या मुलाचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा, ताम्रपट १९३९ साली वाशीममध्येच उजेडात आला. त्यात राज्यवर्ष ३७ दिलेलं आहे आणि दान वत्सगुल्माहून दिल्याची नोंद आहे. पुढे राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं तेही याच नगरात. एवढा मान असलेल्या राजधानीचं आज आकाशात काय उरलं आहे? काहीही नाही. याच घराण्यातल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. ते टिकलं, कारण ते कड्याच्या पोटात होतं. वाकाटकांचं जे आकाशात उभं असेल ते गेलं आणि खडकात खोदलेलं राहिलं.

त्यानंतरची कित्येक शतकं वऱ्हाडातल्या गावांची आकाशरेषा बहुतांशी सपाट होती, आणि त्याला कारण मातीचं आहे. इथे गावाची जमीन दोन भागांत ओळखतात: काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. काळी माती कपाशीला आईसारखी, पण घराला वैरी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम लागेपर्यंत पाया नेला नाही तर भिंत तडकते. म्हणून वस्ती पांढरीवर, जुन्या गावठाणाच्या टेकाडावर. घरं पांढऱ्या मातीच्या जाड भिंतींची आणि धाब्याची. धाब्याचं काम असं: सागाच्या तुळया, त्यावर आडव्या लाकडांचा थर, त्यावर काड्या-पाला आणि सगळ्यावर वीतभर पांढरी माती चोपून बसवलेली. मृगाच्या आधी घरातली माणसं वर चढून नवी माती पसरत, चोपत, पन्हाळं मोकळी करून ठेवत. असं छत उन्हाळ्यात घर गार ठेवतं, पण त्याचं वजन भिंतींना भारी पडतं. म्हणून एक मजला, फार तर माडी. अशा सपाट धाब्यांच्या गावात देवळाचा कळस, दर्ग्याचा घुमट आणि गढीचा बुरूज एवढंच वर डोकावत असे. मंगरुळपीरचा दादा हयात कलंदरांचा दर्गा आजही ती जुनी रचना ध्यानात आणून देतो.

या सपाटीतून वाशीमचं शिखर वर आलं ते अठराव्या शतकात. तेव्हा वऱ्हाडावर दुहेरी अंमल होता: मुलूख निजामाचा आणि महसुलात मोठा वाटा नागपूरकर भोसल्यांचा. साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी बालाजीचं मंदिर बांधवलं. ते १७७९ च्या सुमारास पूर्ण झालं. मूर्तीबद्दल आख्यायिका आहे की औरंगजेबाच्या काळात ती जमिनीत पुरून ठेवली होती, आणि पुढे एका स्वाराला मातीतून वर आलेलं मूर्तीचं बोट दिसलं. आख्यायिकेतलं खरं-खोटं बाजूला ठेवलं तरी गावाने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट म्हणून ती मोलाची आहे: देव जमिनीखाली होता, तो वर आला आणि मग त्याच्यावर शिखर चढलं. देवळाशेजारी भवानी काळूंनी बांधीव देवतलावही करवला. तलाव गरजेचाच होता. देवळाला पाणी हवं, जत्रेला पाणी हवं. आणि तलावाच्या काठाशी घरं दाटत नाहीत, त्यामुळे शिखर पाहायला मोकळी जागा मिळते. पायऱ्यांवर उभं राहिलं की पाणी, भिंत आणि शिखर असा चढता क्रम दिसतो.

दुहेरी अंमलात महसूल दोन धनी वाटून घेत होते. अशा वेळी दिवाणाने एवढं काम उभं करणं ही भक्ती होती, तशीच सत्तेची जाहीर खूणही होती. वाशीम त्या काळात कापडासाठी नावाजलेलं होतं. १७६९ मध्ये माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यात कनकापूरला तह झाला, त्याच्या अटींत वाशीम आणि बाळापूरच्या कापडाचा नजराणाही होता. पैसा गावात होता आणि तो दाखवायला कोणी बिचकत नव्हतं.

कारंज्याचं उलट. हे गाव आधीपासून पेठेचं, लाड व्यापाऱ्यांचं, जैन सावकारांचं. त्याला तट होता आणि चार वेशी: दिल्ली वेस, पोहा वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस. वेशींची नावं म्हणजे व्यापाराच्या वाटा. सांगतात की लेकुरशेट संघई नावाच्या सावकाराने कस्तुरी विकायला आलेल्या व्यापाऱ्याचा सगळा माल विकत घेतला आणि चालू असलेल्या बांधकामाच्या चुन्यात ओतला. कस्तुरीची हवेली ती हीच. इथे हवेली किती मजल्यांची होती हे कोणी सांगत नाही. लक्षात ठेवलं जातं ते भिंतीच्या आत काय मुरलं होतं ते.

१६७० साली सुरतेवरची दुसरी स्वारी आटोपून वणी-दिंडोरीच्या लढाईनंतर शिवाजी महाराजांची फौज कारंज्यावर आली. चार हजार बैल-गाढवांवर लादून सोनं, चांदी आणि उंची कापड नेलं, असं इतिहासकार जदुनाथ सरकार नोंदवतात. किंमत कोटीच्या घरात. गावातले मातब्बर लोक पकडले गेले, एकजण तेवढा बाईच्या वेषात निसटला, कारण महाराजांच्या फौजेत स्त्रीला हात लागत नाही हे त्याला ठाऊक होतं. अशा गावाने पुढे उंच माड्या बांधून आपली संपत्ती दहा कोसांवरून दिसू द्यावी, असं कोण म्हणेल? जुने वाडे बाहेरून कोरी भिंत आणि एक भक्कम दरवाजा दाखवत. चौक आत, ओसरी आत, नक्षीकाम आत. धान्य भिंतीतल्या बळदात किंवा जमिनीतल्या पेवात. मौल्यवान वस्तू तळघरात. दत्तसंप्रदायातले नृसिंह सरस्वती यांचं जन्मस्थान म्हणून कारंज्याला लाखो लोक येतात, तेही एका वाड्यापाशी. गुरुमंदिराची स्थापना १९३४ ची, ब्रह्मानंद सरस्वतींच्या हातून झालेली.

कारंज्याची खरी उंची कशाला म्हणायची, तर तिथल्या पोथ्यांना. काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण या दिगंबर परंपरांच्या तीन मंदिरांत भट्टारकांनी शतकानुशतकं हस्तलिखितं जपली. कापडाच्या बस्त्यांत बांधलेली, पेट्यांत ठेवलेली. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या हस्तलिखित-सूचीतून बाहेरच्या विद्वानांना त्यांचा पत्ता लागला. मग १९३१ मध्ये कारंजा जैन ग्रंथमालेत प. ल. वैद्य यांनी संपादलेलं पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ आलं, पाठोपाठ अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांच्या संपादनातले ग्रंथ आले. दहाव्या शतकातली अपभ्रंश भाषा, जी मराठीच्या आधीच्या पायऱ्यांपैकी एक आहे, ती अशा जतनातून अभ्यासकांच्या हाती आली. रस्त्यावरून जाणाऱ्याला यातलं काहीच दिसत नव्हतं.

दिसेल अशी उंची कारंज्यात आणली ती कापसाने. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीने वऱ्हाडी कापसाला भाव आणला, आणि रेल्वे जिथे पोचली तिथे जिनिंग-प्रेसिंग आलं. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी, लोकांची शकुंतला, कारंज्यावरून जात असे. किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेतल्या या मार्गावर मँचेस्टरमध्ये १९२१ साली बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. वाफेवर चालणाऱ्या जिनाला धुरांडं लागतं, आणि धूर वस्तीवर उतरू नये म्हणून ते उंच लागतं. वर निमुळतं होत जाणारं विटांचं धुरांडं ही वऱ्हाडातल्या कापूस-गावांची पहिली अशी उंची, जी देवाची नव्हती आणि राजाचीही नव्हती. वीज आली, धुरांड्याचं काम संपलं. पुढे कापसाची बरीच जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीनला धुरांडं लागत नाही, लागतं गोदाम. पत्र्याचं, लांबलचक आणि बसकं. त्यामुळे पिकात झालेला बदल गावाच्या कडेवरही उमटला.

राज्यकारभाराची उंची वाशीमच्या वाट्याला येता येता राहिली. इंग्रजी अमलात वाशीम जिल्ह्याचं ठिकाण होतं, पण १९०५ मध्ये वऱ्हाडची फेररचना झाली आणि तो जिल्हा मोडून वाशीम अकोला जिल्ह्यात गेलं. पुन्हा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. मधल्या ९३ वर्षांत कचेऱ्यांची मोठी बांधणी अकोल्याला झाली, वाशीम तालुक्याचं गाव राहिलं. बालाजीच्या शिखराला इतकी वर्षं फारसा कोणी प्रतिस्पर्धी उभा राहिला नाही, याचं एक कारण हेच असावं.

त्यानंतर आल्या पाण्याच्या टाक्या. दहा मीटर उंचीवरचं पाणी नळाला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब देतं, म्हणून टाकी उंच खांबांवर आणि शक्यतो गावातल्या चढावर बांधतात. वाशीमला एकबुर्जी धरणाचं पाणी. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे ही टाकी सगळ्यांत लोकशाही उंची म्हणायला हवी. मागोमाग मोबाइलचे मनोरे, आणि आता पार्किंगवर तीन-चार मजल्यांचे फ्लॅट. काँक्रीटचा पाया मुरमापर्यंत सहज जातो, त्यामुळे काळ्या मातीची जुनी मर्यादा सुटली आहे.

सर्वांत नवी उंची मात्र या दोन्ही शहरांत नाही, मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीत आहे. बंजारा समाजाच्या या काशीत नंगाऱ्याच्या आकाराचं चार मजली विरासत संग्रहालय उभं राहिलं आणि ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ज्या लमाणांच्या बैलांच्या तांड्यांनी शतकानुशतकं धान्य आणि मीठ मुलूखभर वाहिलं, त्यांच्या श्रमावर कारंज्यासारख्या कितीतरी पेठा उभ्या राहिल्या. त्यांचा स्वतःचा मुक्काम मात्र तांड्याचा, जमिनीला टेकलेला. त्यांच्या नंगाऱ्याचा आकार आता दुरून दिसतो, ही या जिल्ह्याच्या आकाशातली मोठी दुरुस्ती आहे.

अशा उंचीची निगा कशी राखतात याचा एक दाखला अमेरिकेतल्या मॅडिसन शहराचा आहे. विस्कॉन्सिन राज्याची ही राजधानी, दोन तलावांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेली, लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास. तिथल्या विधिमंडळाच्या इमारतीचा घुमट सगळीकडून दिसावा म्हणून शहराने १९६६ मध्ये नियम केला आणि १९९० मध्ये राज्याने कायदा: इमारतीपासून एक मैलाच्या आत कोणतंही बांधकाम घुमटाखालच्या खांबांच्या तळापेक्षा उंच जाता कामा नये. शहराची वाढ थांबली नाही, ती आडवी पसरली.

वाशीमला एवढा कडक कायदा नको. देवतलावाच्या काठावरून आणि गावात शिरणाऱ्या दोन-तीन रस्त्यांवरून शिखर दिसत राहावं एवढी तरतूद शहराच्या विकास आराखड्यात घालता येते. आज परवानगी देताना रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार पाहिला जातो; त्यात या दृश्याची एक ओळ वाढवायची आहे. कारंज्याचं काम जास्त अवघड आहे, कारण जपायचं ते बाहेरून दिसतच नाही. जुना वाडा पाडून दुकानांची इमारत उभी राहते तेव्हा आकाशात दोन मजले वाढतात, आणि खाली तळघर राडारोड्याने बुजतं, त्याची नोंद कुठेच होत नाही. म्हणून तिथे आधी मोजणी व्हायला हवी. जोतं, चौक, लाकडी खांब, बळद, पेव, तळघर, सगळ्यांची वाडावार नोंद; नगरपालिकेने स्थानिक महाविद्यालयांतली मुलं हाताशी घेऊन चार वेशींच्या आतल्या गल्ल्यांपासून ती सुरू केली तरी एका हिवाळ्यात बरंच काम उरकेल.